झापामागची भिंत

"आत ये न, मास्तर. भाईरशी काय दिसतंय तुला?"

नाथीबाय दारात उभी होती. मी तिच्या अंगणात घोटाभर चिखलात, छत्रीची दांडी मानेत अडकवून, वहीत आकडे लिहीत होतो. आषाढ अर्धा सरला होता. माझ्या मागे साखळीवाला सावळाराम मोजणीची साखळी गोळा करत होता आणि दर हाताला पावसाला एक शिवी देत होता.

"वेळ नाही, बाई. अजून चौदा घरं राहिलीत."

"चा ठेवलाय. बूट कार न ये."

बुटांचीच तर अडचण होती. पहिल्या पगारातून घेतलेले उंच बूट, भिजून फुगलेल्या नाड्या, त्यांच्या गाठी दातांनी सोडवायच्या आणि पुन्हा बांधायच्या. शिवाय ही बाई ओळख ना पाळख, सरळ अरे-तुरे करत होती. तिकडे आगरी लोकांत बोलायची रीतच तशी आहे, लहानथोर सगळेच एकमेकांना तू म्हणतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी माणदेशातला. आमच्याकडे मोजणीदार आला की गाव उठून उभं राहतं. मी नुसती मान हलवली, हातातली दहा फुटी काठी तिच्या घराच्या कोपऱ्याला लावली, लांबी लिहिली, रुंदी लिहिली आणि पुढच्या अंगणात गेलो.

ही अडतीस सालची गोष्ट. मुंबईच्या उत्तरेला साष्टीत तेव्हा भातशेतं होती, मिठागरं होती आणि स्टेशनाच्या आसपास नवे बंगले उठायला लागले होते. या वाढत्या वस्तीसाठी नगररचनेची योजना निघाली होती. सरळ रस्ते, बांधलेली गटारं, दोन घरांत अंतर, प्रत्येक घराला उजेड आणि वारा. योजना चांगली होती, हे मी आजही म्हणेन. खाजणवाडीत सांडपाणी दारात साचायचं आणि पावसाळा सरता सरता हिवतापानं एक-दोन माणसं तरी जायचीच. ते बदलायला मी आलो आहे, असं मी चोवीस वर्षांच्या वयाला शोभेल अशा अभिमानानं मानत होतो.

नियम सोपा होता. छप्पर पेंढ्याचं असो की कौलांचं, खाली दगडी जोतं आणि वर दीड फूट जाडीची भिंत असेल तर वहीत 'घर' लिहायचं. घर जागच्या जागी राहणार, रस्ता त्याला वळसा घालणार. भिंती झावळ्यांच्या असतील तर 'झोपडी' लिहायचं. ती उठणार आणि मालकाला दुसरीकडे प्लॉट मिळणार.

खाजणवाडीची पंधराच्या पंधरा घरं मला जमिनीपासून छपरापर्यंत झावळ्यांची दिसली. मी पंधरा वेळा 'झोपडी' लिहिलं. दुपारी तीनच्या आत काम उरकलं म्हणून सावळारामनं माझं कौतुकही केलं.

भाद्रपदात याद्या लागल्या. चौथ्या दिवशी वाडीचा पोशा पाटील कचेरीत आला. साठीचा माणूस, कानात बाळी, हातात भिजलेलं घोंगडं. माझ्या टेबलाशी येऊन त्यानं विचारलं, "आमची घरा झोपऱ्या कशी झाली रं?"

मी नियम वाचून दाखवला. भिंती झावळ्यांच्या आहेत, असं समजावून सांगितलं.

पाटील माझ्याकडे बघत राहिला. मग खो खो हसला. कचेरीतले दोन कारकून वळून बघायला लागले.

"तू घाटावरला काय?"

"हो."

"मंग बराबर. आरं, ती झापा हायेत. खारी झर येते दर्यावरशी, सपासप मारते. माती वितलून जाल. म्हनून मिरगाआंगुदर झावल्या विनून भिंतीला झापा बांदाची न दसऱ्याला काराची. तुजे गावान नाय बांदत?"

आमच्या गावात पाऊस पडला तर लोक बाहेर येऊन भिजतात. भिंतीला रेनकोट घालायची वेळ आमच्यावर कधी आली नव्हती. हे मी पाटलाला सांगितलं नाही. घोंगडी पांघरलेल्या माणसाला घोंगडी समजून मी मोकळा झालो होतो.

खरं तर त्याच दिवशी वरच्या साहेबांकडे जाऊन सांगायला हवं होतं की मी आत गेलो नाही, मागे पाहिलं नाही. पण माझी नोकरी हंगामी होती. दसऱ्याच्या सुमारास ती कायम व्हायची होती, आणि गावी वडिलांनी ती झाल्याचं सांगूनही टाकलं होतं. मी दुसरी वाट काढली. पाटलाकडून वाडीची हरकत लिहून घेतली, अर्ज मीच लिहिला. हरकत आली की चौकशी अधिकारी जागेवर येऊन पाहतात. ते पाहतील, भिंत दिसेल, यादी दुरुस्त होईल, आणि माझं नाव कुठे निघणार नाही.

चौकशी अधिकारी होते देवस्थळे साहेब. वय पन्नाशीपुढे, पायाला संधिवात. ते पाहणीला टांग्यातून जातात आणि टांग्यातून उतरत नाहीत, असं कचेरीत सगळेच सांगायचे. मीही ते खरं धरलं. म्हणजे भिंती रस्त्यावरून दिसायला हव्या होत्या.

पाहणी सोमवारी ठरली. मी रविवारी सकाळी वाडीत गेलो. पाटलाच्या ओटीवर सगळे जमले.

"एक दिवसासाठी झापं काढा," मी म्हणालो. "साहेब रस्त्यावरून बघतील."

"दसऱ्याआंगुदर?" पाटील म्हणाला. "आजून हत्ती बाकी हाय. हत्तीचा पाऊस सोंडेनं वततो. कुनी नाय काराचा."

हत्ती म्हणजे हस्त नक्षत्र, एवढं मलाही कळत होतं. मी वर पाहिलं. आभाळ धुतल्यासारखं निळं होतं. मी नकाशा उघडला आणि चाळीस फुटी रस्त्याची लाल रेघ पंधराही घरांच्या मधोमध कशी जाते ते दाखवलं. लोकांनी वाकून ती रेघ पाहिली, पण झापं काढायला उठलं कुणी नाही.

शेवटी नाथीबाय म्हणाली, "सगल्यांनी कशाला? माजा घर रस्त्याला पयला. माजी एक भिंत बगल, तर बाकीच्यांचा मानल न तुजा सायेब?"

"मानेल," मी म्हणालो.

"नाथे, येरी झालीस काय?" पाटील म्हणाला. "तुजी भिंत दर्याच्या तोंडाला."

"मंग काय? घर गेल्यावर झापा बांदून काय करू?"

ती घरी गेली, कोयती घेऊन आली आणि सुंभाच्या गाठी सपासप तोडायला लागली. मी मदतीला पुढे झालो. वाळलेली झापं हात लावताच मोडत होती. तिनं सांगितलं, एकदा काढलेलं झाप परत लागत नाही, नवंच विणावं लागतं. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं.

झापं खाली आली आणि भिंत दिसली. काळसर, गुळगुळीत, हातानं लिंपलेली, चांगली दोन फूट जाड. खाली घडवलेल्या दगडांचं जोतं. उन्हात त्या मातीत जागोजाग काहीतरी पांढरं चमकत होतं.

"हे काय?"

"तिसऱ्यांच्या शिंपल्या. खाजनातली माती हाय. मी न माजा दादला, दोगांनी पायांनी तुरवली, म्हयनाभर. त्यान भाताचा तूस घातला. मी म्हनलं शिंपल्या येचून कारू, तो म्हनला राहू दे, दिवा लावला का चमकल." तिनं भिंतीवरून तळवा फिरवला. "बारा वर्सा झाली त्याला जाऊन. भिंतीला केसाएवरी चीर बी नाय गेली."

मला फार बरं वाटलं. एवढी चांगली भिंत पाहून कुठला साहेब नाही म्हणेल?

सोमवारी सकाळी कचेरीत निरोप आला: साहेबांचा पाय सुजला आहे, पाहणी शुक्रवारी. मी सावळारामला वाडीत पाठवलं. नाथीबायनं त्याच्याकडून विचारून धाडलं, नवी झापं विणायला घेऊ का? मी उलट सांगून धाडलं, नको, साहेब त्याआधीही येतील, भिंत उघडीच राहू दे.

मंगळवारी दुपारी आभाळ भरलं. मग जो पाऊस लागला तो गुरुवार संध्याकाळपर्यंत. मी स्टेशनाजवळच्या खोलीत राहत होतो, वाडी तिथून दीड मैल. बुधवारी जाऊन यावं असं दहादा मनात आलं. गेलो नाही. भिंत केवढी जाड आहे, हे मी स्वतःला सांगत राहिलो. खरं कारण हे की जाऊन बघायची मला भीती वाटत होती.

शुक्रवारी उघडलं. साहेबांच्या टांग्यात मी पुढे टांगेवाल्याशेजारी बसलो होतो, मांडीवर वही. वाडीच्या वळणावर टांगा आला आणि मला नाथीबायचं छप्पर एका अंगानं जमिनीला टेकलेलं दिसलं. दर्याकडची भिंत बसली होती. काळ्या चिखलाचा ढीग जोत्यावरून अंगणात आला होता. ढिगाच्या मागे तिची चूल, मडक्यांची उतरंड, दोरीवरचं लुगडं, सगळं उघड्यावर. ती छपराखालून एकेक भांडं बाहेर काढत होती. माणसाला इजा झाली नव्हती, एवढंच बरं.

टांगा थांबला. देवस्थळे साहेबांनी टांगेवाल्याला हात धरायला सांगितला आणि ते खाली उतरले.

मी बघतच राहिलो. ते खाली पाय टेकवून कण्हले आणि आपली वेताची काठी टेकत चिखलातून चालायला लागले. पाटील आणि बाकीचे पुढे आले.

"हरकत कुणाची?"

"वारीची, सायेब. आमची घरा हायेत, झोपऱ्या नाय."

साहेबांनी वही मागितली. चष्मा लावला, पान वाचलं, समोरच्या झापांच्या रांगेकडे पाहिलं. मग ते पोशा पाटलाच्या घराशी गेले, काठीचं टोक झापाच्या खालच्या कडेत घातलं आणि झाप वीतभर उचललं.

आत जोतं दिसत होतं. जोत्यावर भिंत दिसत होती. काठीनं त्यांनी भिंतीवर टकटक केलं, झाप सोडून दिलं आणि दुसऱ्या घराकडे वळले. तिथंही तेच. तिसऱ्या घराशी ते थांबले आणि मला हाक मारली.

"खटावकर, हे अक्षर तुमचं?"

"हो, साहेब."

"मोजणीला गेलात तेव्हा हातात काय होतं?"

"साखळी. आणि दहा फुटी काठी."

त्यांनी आपली वेताची काठी माझ्यापुढे धरली आणि पुन्हा खाली टेकवली. मला तेव्हा वाटलं, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग मात्र मी सगळं सांगितलं. आत गेलो नाही. मागे पाहिलं नाही. चूक कळल्यावरही गप्प बसलो. या बाईला झापं काढायला मीच लावलं, उघडं ठेवायलाही मीच सांगितलं. तुम्ही टांग्यातून उतरत नाही असं ऐकलं होतं, हेसुद्धा सांगून टाकलं. वाडीतली माणसं ऐकत होती. नाथीबाय हातात तांब्या धरून उभी होती.

"या बाईंची भिंत होती, साहेब," मी म्हणालो. "मी रविवारी डोळ्यांनी पाहिली. दोन फूट जाड."

"वहीत तुम्हीच लिहिलंय, नव्हती."

"ते चुकीचं आहे."

"असेल. पण मी जे बघतो ते लिहितो." त्यांनी पेन काढलं. चौदा ठिकाणी 'झोपडी' खोडून 'घर' लिहिलं, प्रत्येक ठिकाणी सही केली. पंधराव्या ओळीशी हात थांबला. ते चिखलाच्या ढिगाकडे बराच वेळ बघत होते. मग त्यांनी लिहिलं, 'जोते आहे. भिंत नाही.' आणि वही मिटली.

टांग्यात बसताना त्यांनी नाथीबायला एवढंच म्हटलं, "बाई, मी सोमवारी यायला हवं होतं."

नाथीबाय माझ्याकडे वळली. मी मान खाली घालून उभा होतो.

"मास्तर," ती म्हणाली, "आता ये आत. दार लागत नाय."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं लोक हसून म्हणतात. मला पुढे कितीतरी वर्षं ती म्हण ऐकवत नव्हती. चौदा घरं वाचली म्हणून रस्त्याची रेघ दक्षिणेला सरकवावी लागली, आणि सरकलेली रेघ नेमकी नाथीबायच्या जोत्यावरून गेली. आजही तिथं रस्ता वळतो, बसचा ड्रायव्हर तिथं हॉर्न देतो. तिला स्टेशनाच्या बाजूला नव्या आखणीत प्लॉट मिळाला. माझी कायम नेमणूक वर्षभर लांबली. वडिलांनी वर्षभर पत्र पाठवलं नाही. त्याचं मला फारसं काही वाटलं नाही, कारण त्याहून वाईट वाक्य मी नाथीबायच्या तोंडून ऐकून बसलो होतो.

दोन वर्षांनी नव्या आखणीतली घरं तपासायचं काम माझ्याकडे आलं. इथला नियम आणखी कडक होता: चारी भिंती भाजलेल्या विटेच्या हव्यात. एक जरी भिंत मातीची निघाली तरी राहण्याचा दाखला मिळायचा नाही, भिंत पाडायची नोटीस निघायची. पुन्हा आषाढच होता. तेच बूट होते, एव्हाना टाचा झिजलेले.

अकराव्या प्लॉटवर नाथीबाय ओटीवर बसून सुंभ वळत होती. मला पाहून उठली नाही.

"आलास? मना वाटलाच, पावसान येशील."

घर नीटनेटकं होतं. कौलं, तीन बाजूंना लाल विटांच्या भिंती, सिमेंटनं सांधे भरलेले, सांडपाण्याला गटार. चौथी, दर्याकडची बाजू, जमिनीपासून वळचणीपर्यंत झापांनी झाकलेली.

"विटेच्या भिंतीला झापं कशाला?" मी विचारलं.

"सवय."

सावळाराम म्हणाला, "विटेचीच असणार, साहेब. लिहा, पुढं जाऊ. पाऊस येतोय."

दहा फुटी काठीचं टोक झापाच्या कडेत घातलं आणि झाप वीतभर उचललं.

भिंत काळी होती. गुळगुळीत, हातानं लिंपलेली. त्या अंधुक उजेडातही तिच्यात शिंपल्या चमकत होत्या.

मी वळून पाहिलं. नाथीबायचे हात सुंभावर थांबले होते. ती माझ्याकडे बघत नव्हती, काठीकडे बघत होती.

"ही माती तिथली?" मी हळू विचारलं.

"रस्त्याचा रूळ फिराच्या आंगुदर आनली. टोपलीनं. डोक्यावरशी."

"दीड मैल? किती टोपल्या?"

"मी नाय मोजल्या. मोजाचा काम तुजा."

सावळाराम छत्री सावरत जवळ येत होता. मी काठी काढून घेतली. झाप जागच्या जागी बसलं. वही उघडली, प्लॉट अकरा काढला आणि स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'चारी भिंती विटेच्या.' खाली सही केली.

"काय लिवलास?" तिनं विचारलं.

"वीट."

"बगून लिवलास न?"

"बघून."

तिनं सुंभाचा गुंडाळा बाजूला ठेवला, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि दाराशी गेली. "सावल्या, तू पन ये. चा ठेवते."

"उशीर होईल, साहेब," सावळाराम कुरकुरला. "अजून सात घरं आहेत."

मी ओटीवर बसलो. नाड्या भिजून घट्ट झाल्या होत्या, गाठ सुटेना. शेवटी दातांनी सोडवली. मग बूट काढले आणि आत गेलो.